सहा वाजताचा पक्षी

वनिताताईंनी पिशवीतून एक हिरवा पायमोजा काढला आणि माझ्या हातात दिला. आत काहीतरी गोल आणि जड होतं.

"ह्यो माझा पोपट," त्या म्हणाल्या. "ह्याला बोलता केला की पाच मिनटात नवरंग समोर हजर. काका, तुमी नुसतं कॅमेऱ्याचं बटण दाबायचं."

पायमोज्यात लहानसा स्पीकर होता. त्यात नवरंगाची शीळ भरलेली. झुडपात ठेवला तर दिसू नये म्हणून त्याला हिरवा पायमोजा घातलेला. स्पीकर वाजला की त्या भागातल्या नवरंगाला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी आला. मग तो धावत येतो. फोटो काढणारे सगळीकडं हेच करतात. मला ते नवीन नव्हतं.

मी पायमोजा परत दिला. म्हटलं, "हे नको. आमच्या घरात हे चालत नाही."

"इथं काय घर न्हाय, रान हाय," त्या म्हणाल्या.

 त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, पोपट पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "मंग बसा तपाला."

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मे महिन्याचा शेवट होता. चिपळूणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आंबेकोंड म्हणून एक वाडी आहे. तिथल्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला वनिताताई शिगवण यांनी हिरव्या जाळीचं कापड लावून एक आडोसा केला होता. आत प्लास्टिकची दोन स्टुलं. कापडाला भोकं, त्यातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढायचं. समोर दहाबारा पावलांवर एक पडलेलं झाड, भोवती पाचोळा आणि करवंदाच्या जाळ्या, मागं बांबूचं बेट. नवरंग जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो, त्यामुळं जागा बरोबर होती. मे संपता संपता तो दक्षिणेकडून आमच्याकडं येतो, घरटं करतो आणि पाऊस सरला की परत जातो.

मी तीन सकाळी तिथं बसणार होतो. चौथा दिवस माझ्याकडं नव्हता, कारण पुढच्या आठवड्यात शालनचं वर्षश्राद्ध होतं आणि मुलगी तयारीला येणार होती.

मी "आमच्या घरात" म्हणालो खरा. घरात तेव्हा मी एकटाच होतो.

शालन माझी बायको. आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मी एसटीच्या कार्यशाळेत, टायरच्या विभागात. पक्ष्यांचं वेड तिचं. लशीची पेटी खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर चालत जायची, त्या चालण्यात तिला पक्षी लागले. मला कावळा, चिमणी आणि कोंबडी यापुढं काही कळत नव्हतं. तिच्यामुळं मी कॅमेरा घेतला आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं हिंडायला लागलो. भरतपूरला सारस बघितले. कच्छच्या रणात रोहित पक्षी बघितले, तिथं उन्हानं माझ्या नाकाची साल निघाली. आसामात जाऊन आलो. ती दुर्बिणीतून शोधायची, बोट दाखवायची, आणि मी फोटो काढायचा. तिनं दाखवल्याशिवाय मला एकही पक्षी सापडला नाही, हे मी इथं लिहून ठेवतो.

तिची एक वही होती. दवाखान्यातल्या लसीकरणाच्या रजिस्टरसारखी तिनं ती आखली होती. पक्ष्याचं नाव, गाव, तारीख, आणि शेवटचा रकाना 'कसा'. त्या रकान्यात जवळजवळ सगळीकडं एकच शब्द होता, 'आपसूक'. म्हणजे पक्षी आपला आपण दिसला. कुठं एखाद्या वाटाड्यानं स्पीकर वाजवून पक्षी आणला असेल तर ती 'बोलावून' असं लिहायची आणि तो फोटो वहीत चिकटवायची नाही.

यावरून आमचं एकदा वाजलं होतं. केरळात तट्टेकाडला आम्ही कर्णा बघायला गेलो होतो. लाल पोटाचा, गप्प बसणारा पक्षी. तिथल्या वाटाड्यानं आम्हाला न विचारता स्पीकर लावला आणि कर्णा समोरच्या फांदीवर येऊन बसला. मी वीस फोटो काढले. वळून बघतो तर हिनं दुर्बीण खाली घेतलेली आणि तोंड दुसरीकडं. रात्री वहीत लिहिलं, 'बोलावून'. मी म्हटलं, अगं, दोन दिवस आणि दोन रात्रींचा प्रवास करून आलोय, तो फोटो तरी लाव. तर म्हणाली, मला नाही बरं वाटत. एवढंच. ती कारणं फार द्यायची नाही. आणि मी विचारायचो नाही.

त्याच वहीत एक पान तिनं नवरंगासाठी सोडलं होतं. वर नाव लिहिलेलं, खाली काही नाही. नवरंग आम्हाला चारपाच ठिकाणी ऐकू आला, पण दिसला कधीच नाही. पोट बदामी, पाठ हिरवी, खांद्यावर निळा चमकता डाग, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. चित्रात तिनं तो इतक्यांदा बघितला होता की डोळे मिटून त्याचे रंग सांगायची.

तट्टेकाडलाच, कर्ण्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तो अगदी जवळ ओरडला होता. दोन सुरांची शीळ, पहिला वर चढणारा, दुसरा खाली येणारा. वाटाड्या म्हणाला, तमिळ लोक याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, घड्याळ लावून ओरडतो. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि शालननं ओठांचा चंबू करून तशीच शीळ घातली. तिला शीळ फार चांगली यायची. मुलीच्या जातीनं शीळ घालायची नाही म्हणून लहानपणी आईचा मार खाल्लेला, तरी सुटली नव्हती. तिनं शीळ घातली आणि झाडीतून त्यानं उत्तर दिलं. तिनं परत घातली, त्यानं परत दिलं. असं दोन मिनिटं चाललं. मग तिला हसू आलं.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये राहिलं. ती गेल्यावर तिचा आवाज म्हणून माझ्याकडं तेवढंच होतं. रोज संध्याकाळी सहा वाजता मी खुर्चीत बसायचो आणि ते लावायचो. ती हसली की बंद करायचो. पुढं मी काहीतरी बोललोय, ते मला ऐकायचं नव्हतं.

बंद केलं की मी पाणी प्यायला उठायचो. स्वयंपाकघरात जायचो, मागच्या गॅलरीत डोकवायचो, आतल्या खोलीतला दिवा लावून बघायचो आणि खुर्चीत परत यायचो. मग पुन्हा एकदा लावायचो. पाणी बहुतेक प्यायचं राहूनच जायचं.

वर्षश्राद्धाच्या आत ते पान भरायचं, एवढं माझ्या मनात होतं. नवरंगाचा फोटो त्यावर लागला की तिचं राहिलेलं काम झालं. त्यासाठी मी आंबेकोंडला गेलो.

पहिल्या सकाळी आम्ही पाच वाजल्यापासून बसलो. तो वरच्या अंगाला ओरडत होता, पण खाली आला नाही. वनिताताई चाळिशीच्या बाई, बोलायला मोकळ्या. पूर्वी त्या याच रानात लाकूडफाटा गोळा करायच्या. एकदा कोणी फोटोवाला वाट चुकला, त्याला त्यांनी वाट दाखवली, आणि पक्षी कुठं आहे तेही दाखवलं. पुढच्या वर्षी त्यानं आणखी चौघांना आणलं आणि जाताना स्पीकर देऊन गेला. त्यांचा स्वभाव थट्टेखोर. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, शालनचीच, ती बघून म्हणाल्या, "दोन दोन डोळं लावून बसलाव, तरी तेला काय तुमची दया येत न्हाय."

नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी त्यांनी दोघांपुरती आणली होती. खाताना त्यांनी विचारलं, काकींना का नाही आणलं. मी म्हटलं, नाही आली.

"गुडघं?"

"हं," मी म्हणालो.

"माझ्या सासूचं बी तेच. बसली की उठत न्हाय, उठली की बसत न्हाय."

मी ते तसंच राहू दिलं. का राहू दिलं कोण जाणे. बरं वाटलं असेल. मिरजेतल्या घरी शालन गुडघ्याला तेल लावून बसली आहे असं जगात एका माणसाला तरी वाटत होतं.

मग त्या दोन दिवसांत वनिताताई काकींबद्दल विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिलो. म्हणजे खोटं काही सांगितलं नाही. वही कशी आखली आहे ते सांगितलं. चहात आलं जास्त घालते ते सांगितलं. फक्त सगळं 'आहे', 'घालते' असं म्हणत गेलो. स्पीकर का चालत नाही तेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिला नाही बरं वाटत. त्या म्हणाल्या, काकींना म्हणावं एकदा येऊन बसा इथं डास खात, मग बघू बरं वाटतं का ते.

दुसऱ्या सकाळी तो जरा जवळ आला. बांबूच्या मागं, पाचोळ्यात खसखस ऐकू आली. एकदा बांबूच्या बुडाशी काहीतरी निळं हललं असं मला वाटलं, पण कॅमेरा तिकडं वळेपर्यंत काही नव्हतं. शालन असती तर म्हणाली असती, डावीकडं, दुसऱ्या काठीच्या खाली, वर नका बघू. मला डावीकडं काय आणि उजवीकडं काय, नुसता पाला दिसत होता. नऊ वाजता ऊन चढलं आणि सगळं रान गप्प झालं. वनिताताई म्हणाल्या, मागच्या रविवारी चौघंजण आले, तासाभरात फोटो काढून जेवायला गेलेसुद्धा. 

त्या दुपारी त्यांच्या पडवीत पडल्या पडल्या मी विचार करत होतो. पोपट लावला तर शालनच्या नियमानं फोटो वहीत बसत नाही. न लावला तर फोटो मिळत नाही. मग माझ्या मनात आलं, शालनची शीळ लावली तर? तो काही बाजारातला स्पीकर नाही. ती तिचीच शीळ. तिनं स्वतः त्याला बोलावलं आणि तो आला, असं होईल. तिनं ती शीळ घातलीच होती ना, माझ्या डोळ्यांदेखत. मला हे इतकं पटलं की मी उठून बसलो. वर्षभरात पहिल्यांदा आपल्याला काही चांगलं सुचलं असं मला वाटलं.

तिसऱ्या सकाळी आडोशात गेल्या गेल्या मी वनिताताईंना सांगितलं की आज माझा फोन त्या पडलेल्या झाडाखाली ठेवा, पाचोळ्यात. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"आमच्या घरात चालत न्हाय, ना?"

"हा पोपट नाही," मी म्हणालो. "ही बायकोची शीळ आहे."

"काकी शीळ घालतात?"

"घालते."

"मंग ऐकलीच पायजेल," त्या म्हणाल्या.

मी आवाज मोठा केला, रेकॉर्डिंग संपलं की परत सुरू होईल असं लावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. नवरंगाच्या नादात पुढच्या भागाचं माझ्या लक्षातच आलं नाही. रोज ते माझ्या बोटाखाली असायचं, मी नको तिथं बंद करायचो. आज फोन दहा पावलांवर पाचोळ्यात होता.

वनिताताई वाकून परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा किड्यांची किरकिर ऐकू आली, केरळातली. मग शालनची शीळ. त्या रानात, उघड्यावर, ती घरातल्यापेक्षा स्पष्ट वाजली. मग फोनमधल्या नवरंगानं उत्तर दिलं. परत शालन. आणि तिच्या तिसऱ्या शिळेला बांबूच्या मागून खऱ्या नवरंगानं उत्तर दिलं.

तो आला. उडत नाही आला, टुणटुण उड्या मारत आला. चोचीत एक वाळकं पान होतं. करवंदाच्या जाळीखालून निघाला आणि पडलेल्या झाडापाशी उभा राहिला. चोचीतलं पान त्यानं टाकून दिलं. मान मागं टाकून शीळ घातली. चित्रात होता तसाच होता. बदामी पोट, खांद्यावरचा निळा डाग, खाली लाल. मी बटण दाबत सुटलो. चौदा फोटो काढले. डोळ्यातला ठिपकासुद्धा दिसत होता. मला ओरडून शालनला सांगावंसं वाटत होतं.

वनिताताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "काकींचा पोपट माझ्यापेक्षा बेस."

मग तो शोधायला लागला.

मी कॅमेऱ्यातूनच बघत होतो. शालनची शीळ वाजली की तो ताठ व्हायचा. झाडाच्या डाव्या बाजूला गेला, तिथं कोणी नव्हतं. मागच्या करवंदाखाली शिरला, बाहेर आला. उजवीकडच्या जाळीत डोकावला. परत फोनपाशी आला, मान वाकडी करून उभा राहिला. परत डावीकडं. तीच वाट, तोच क्रम. मी बटण दाबायचं थांबलो होतो. असं फिरणारं कोणीतरी मी बघितलं होतं, पण कुठं ते आठवत नव्हतं. तो परत मधोमध येऊन उभा राहिला आणि वाट बघायला लागला.

तेवढ्यात शालन हसली.

आणि पाठोपाठ माझा आवाज आला. मोठा, चिडका. "गप गं जरा. सगळं रेकॉर्डिंग बिघडवलंस."

हेच ते. हेच मी वर्षभर ऐकत नव्हतो. ती हसली म्हणून मी तिला हे बोललो होतो. मी मान खाली घातली. वनिताताई माझ्याकडं बघत असतील असं वाटलं. फोनमध्ये थोडा वेळ काही नव्हतं, नुसती किरकिर. मला वाटलं, संपलं.

मग शालन बोलली. रागानं नाही, नेहमीच्या आवाजात, जरा दमल्यासारखी.

"उगाच घातली मी शीळ. चला आता. आपण निघून जाणार, आणि हा बिचारा शोधत बसणार."

तिनं हे म्हटलेलं मला आठवत नव्हतं. तेव्हा मी फोन खिशात घालायच्या नादात असेन. ती बोलली होती, मी तिथंच होतो, आणि मी ऐकलं नव्हतं.

रेकॉर्डिंग संपलं. समोरचा पक्षी जरासा सैल झाला. टाकलेल्या पानाकडं वळला, ते चोचीत उचललं.

आणि फोनमध्ये पहिल्यापासून सुरू झालं. किरकिर, आणि शालनची शीळ.

त्यानं पान टाकलं आणि परत डावीकडं गेला.

"खरं बोलली बाय ती," वनिताताई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

मी आडोशाचं कापड उचलून बाहेर आलो. आडोशातून मधेच उठायचं नसतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. पक्षी भुर्रकन उडाला, पंखातले पांढरे डाग दिसले आणि बांबूत गेला. मी गुडघ्यावर बसून पाचोळा उकरला. फोनला मुंग्या लागल्या होत्या. आतली शालन पाचवी का सहावी शीळ घालत होती. मी बंद केलं.

फोनवरच्या मुंग्या झटकल्या. मी त्या पडलेल्या झाडावर बसलो. वनिताताई आल्या, जराशा अंतरावर बसल्या.

"गुडघं न्हायत काकींना," त्या म्हणाल्या.

"नाही. गेली ती. पुढच्या आठवड्यात वर्ष होईल."

त्यांनी मान हलवली. दोन दिवस खोटं का बोललात असं काही विचारलं नाही. बाटलीतलं पाणी दिलं. मी ते हातात धरून बसलो.

थोड्या वेळानं मी त्यांना विचारलं, पोपट बंद केल्यावर हा किती वेळ शोधतो.

"काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकांचं झालं की मी पोपट पिशवीत टाकते नि घरी जाते. मागं तो काय करतो, ते बगायला कोण बसतो."

आम्ही आडोशात परत जाऊन बसलो. कॅमेरा मी पिशवीत घातला. अकराची गाडी मला पकडायची होती, ते त्यांनाही माहीत होतं, पण दोघंही उठलो नाही. वीसेक मिनिटांनी तो परत आला. आधी बांबूखाली थांबला. शीळ घातली. उत्तर कोण देणार. मग डावीकडं गेला, करवंदाखाली गेला, उजवीकडच्या जाळीत डोकावला. फोन जिथं होता तिथं मी पाचोळा उकरला होता, तिथली माती उघडी पडली होती. तो त्या मातीवर जाऊन उभा राहिला. दोनतीन पानं चोचीनं उलटून बघितली. परत शीळ घातली. असं चारपाच वेळा केलं. मी घड्याळ बघितलं नाही. पण माझ्या अंगावरची उन्हाची तिरीप वनिताताईंच्या पदरावर गेली तरी तो तिथंच होता.

शेवटी पऱ्याच्या पलीकडून हलका आवाज आला. नवरंगाचाच, पण तोकडा, अर्धाच सूर. वनिताताईंनी माझ्या हाताला बोट लावलं. "मादी हाय," त्या पुटपुटल्या. "तिकडंच घर बांधतायत." यानं मान वळवली. पुन्हा एकदा उघड्या मातीकडं बघितलं. मग आधी टाकलेलं ते वाळकं पान शोधलं, चोचीत धरलं आणि उड्या मारत पऱ्याकडं निघून गेला.

वनिताताईंनी पिशवी उचलली. जाताना म्हणाल्या की उद्या पुण्याची माणसं येणार आहेत आणि त्यांना पोपट लागेलच. मी म्हटलं, हो, लागेल. पुढं चारपाच पावलांवर जाऊन त्या थांबल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "काका, बायनं शीळ झ्याक घातली पन."

अकराची गाडी गेली होती. त्यांनी मला जेवायला घातलं आणि एकच्या गाडीत बसवून दिलं. सहा वाजले तेव्हा मी अजून गाडीतच होतो. फोन पिशवीत होता, तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शालनची वही काढली. पान उघडलं. वर तिच्या अक्षरात 'नवरंग'. खाली मी गाव लिहिलं, तारीख लिहिली. शेवटच्या रकान्यात 'बोलावून' लिहिलं. माझं अक्षर तिच्या शेजारी वाईटच दिसत होतं. चौदातला एक फोटो मी स्टुडिओत जाऊन छापून आणला होता. फार चांगला आला होता, नऊच्या नऊ रंग मोजता येत होते. तो मी पाकिटात घालून वहीच्या मागं ठेवला. चिकटवला नाही. मुलीनं नंतर बघितला तेव्हा म्हणाली, बाबा, हा लावला का नाही. मी म्हटलं, तुझ्या आईच्या वहीत बसत नाही तो.

तेव्हापासून दर वर्षी मे संपता संपता मी आंबेकोंडला तीन सकाळी बसतो. वनिताताई माझ्यासाठी पोपट काढत नाहीत, नुसती भाकरी आणतात. तो ऐकू येतो. एकदा पाठमोरा दिसला, निळ्यासारखं काहीतरी, पण मी ते धरलं नाही.

त्या दिवशी वहीत लिहून झालं तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. मी खुर्चीत येऊन बसलो. फोन समोरच्या टेबलावर होता. सहाचे ठोके पडले. खालच्या रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती, तिचं सगळं ऐकून झालं. फोनला हात लावला नाही.

साडेसहाच्या सुमाराला मला तहान लागली. मी उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यालो आणि परत खुर्चीत येऊन बसलो.